संपाच्या आदल्या दिवशी

बाबांच्या तोंडून ‘संप’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो बैलाच्या बाबतीत. मोटेचा आमचा एक बैल भर दुपारी विहिरीच्या उतरत्या धावेवर मध्येच बसकण मारायचा आणि काही केल्या उठायचा नाही. ‘यानं संप केला,’ असं म्हणून बाबा त्याच्यापुढे कडब्याची पेंढी टाकत आणि स्वतःही त्याच्याशेजारी सावलीत टेकत. त्यामुळे माझा मोठा भाऊ सदाशिव अकोल्याहून घरी आला आणि रेल्वेची माणसं देशभर संप करणार असं सांगू लागला, तेव्हा रुळांवर फतकल मारून बसलेलं इंजिनच माझ्या डोळ्यांपुढे आलं. मी खुदकन हसले. भाऊ हसला नाही. बाबा तर मुळीच हसले नाहीत, कारण बागेत संत्र्यांची तोड सुरू झाली होती आणि निम्मं फळ करंड्यांत भरून ओसरीवर पडलं होतं.

आमची बाग अमरावतीहून मोर्शीकडे जाणाऱ्या वाटेवर, गावापासून जरा आत. आम्ही माळी. काळी जमीन, बारमाही विहीर आणि आजोबांच्या हातची संत्र्याची झाडं, एवढ्यावर आमचं सगळं घर उभं होतं. उन्हाळ्यात बाबा झाडांचं पाणी तोडत. पानं मलूल होऊन गळायला लागली की माय तिकडे बघायचं टाळायची, पण झाडाला असा ताण दिल्याशिवाय मृगात फूल धरत नाही हे तिलाही ठाऊक होतं. त्या बहराचं फळ होळीच्या सुमाराला उतरायचं. मग घर घर राहत नसे. ओसरीवर करंड्या, अंगणात वाळल्या गवताचे भारे, माजघरात सुतळीचे गुंडे. ज्वारीच्या भाकरीला, तुरीच्या वरणाला, माझ्या वेणीलासुद्धा संत्र्याच्या सालीचा वास यायचा. पहाटे माय भाकरी थापायची तो आवाज आणि विहिरीवर मोटेचं चाक कुरकुरायचं तो आवाज, हे दोन्ही मिसळूनच मला जाग यायची. नंतर शहरात राहायला गेले, घड्याळाच्या गजरावर उठायला शिकले, पण ते उठणं मला आजही कुणीतरी रागावून उठवल्यासारखं वाटतं.

तोडीच्या दिवसांत अनोळखी माणसांचा राबता असे. अमरावतीचे व्यापारी, नागपूरच्या दलालांचे हस्तक, कुणी नुसतेच भाव काढायला आलेले. आमच्याकडे रीत अशी की आलेल्या माणसाच्या हातात आधी सोललेलं फळ द्यायचं, मग पाण्याचा तांब्या, आणि नावगाव त्यानंतर. आधी नाव विचारलं तर नाव पाहून फळ दिल्यासारखं होतं, असं बाबांचं म्हणणं. मायनं ही रीत सासरी आल्यावर उचलली आणि बाबांहून कडक पाळली. नको नको म्हणणाऱ्या माणसाच्या ओंजळीत ती फोडी ठेवायचीच. ‘आमच्या घरचं हाय, विकतचं नाई,’ हे वाक्य ती दिवसातून कितीदा म्हणायची.

सदाभाऊ बागेत रमला नाही. अकोल्याच्या स्टेशनात तो पॉइंटमन होता, म्हणजे गाडी कुठल्या रुळावर जाणार ते सांधे बदलून ठरवणारा. आधी त्याचं बाबांना कौतुकच होतं. पण तो युनियनच्या बैठकांना जाऊ लागला, भाषणं करू लागला, तसे दोघांचे खटके उडू लागले. त्या दिवशी जेवताना तर दोघांचंही ताट तसंच राहिलं.

“गाड्या बंद झाल्या तं आपला माल कोठी जाईन?” बाबांनी विचारलं.

“संप कोनाच्या मालासाठी थांबत नाई, बाबा.”

“आपलं सरकार येऊन दोन वर्सं बी नाई झाले. त्याच्यापायी लोकायनं काठ्या खाल्ल्या, जेलात गेले. अन् तुमी आता त्याचीच गाडी अडवून राहिले?”

“आपलं हाय म्हनूनच त्याले मांगतो. परक्याले कोन मांगते? आमाले रेशनवर जे धान्य भेटते ते तुमी बैलाले बी टाकनार नाई.”

“अन् माया बाग?”

भाऊ ताटातली भाकरी कुस्करत राहिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघून गेला. आता या वयात मला वाटतं की दोघांचंही खरं होतं, आणि दोघांचंही खरं असलं की घरात जी शांतता पसरते ती भांडणाहून वाईट. तेव्हा मात्र मी सरळ संत्र्यांच्या बाजूची होते.

पुढे रोज नवी बातमी. गावातल्या शाळेच्या ओट्यावर मास्तर वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवत आणि माणसं उभ्या उभ्या सरकार बनवत आणि पाडत. कुणी म्हणे मीठ मिळणार नाही, कुणी म्हणे रॉकेल मिळणार नाही. पुढारी मंडळींची दिल्लीत बोलणी चालू आहेत म्हणे, आणि ती फिसकटलीही आहेत म्हणे. मग अमरावतीच्या व्यापाऱ्याचा निरोप आला की गाडीची खात्री झाल्याशिवाय तो एकही करंडी उचलणार नाही. बाबांनी तो निरोप ऐकला आणि तोड थांबवली. झाडावरचं फळ एक वेळ कळ काढतं, पण करंडीतल्या फळाला बाहेरचं राजकारण कळत नाही. रोज सकाळी माय करंड्या उसवून मऊ पडलेली फळं वेगळी काढायची आणि ती रास रोज वाढत चालली होती.

त्यात सदाभाऊच्या बायकोची, अंजनावैनीची काळजी. तिचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण तिच्या माहेरी कुणी उरलं नव्हतं, म्हणून ते आमच्याचकडे व्हायचं ठरलं होतं. गाड्या बंद झाल्या तर ती अकोल्यात रेल्वेच्या चाळीत अडकणार, आणि संपकऱ्यांना खोल्यांतून काढणार अशीही आवई होती. शेवटी बाबा मायला म्हणाले, “तू अन् कुसुम जा. सूनबाईले घेऊन या. अन् सदाले इचार, अकोल्यात एखादा व्यापारी पाहून दे म्हना. गाड्या नसल्या तं बैलगाडीनं नेतो माल.” जरा थांबून म्हणाले, “बापानं सांगतलं म्हनू नको. तुयंच म्हनून इचार.”

बडनेऱ्याच्या फलाटावर एवढी माणसं मी त्याआधी फक्त कौंडण्यपूरच्या जत्रेत पाहिली होती. संपाआधी आपापल्या घरी पोचायची सगळ्यांनाच घाई. वळकट्या, पत्र्याच्या पेट्या, रडणारी पोरं, परीक्षेला निघालेली दोन मुलं पुस्तकं छातीशी धरून. आम्ही कशाबशा डब्यात शिरलो. मायनं सुनेसाठी घेतलेली संत्र्यांची टोपली मांडीवर ठेवली आणि ती अकोल्यापर्यंत खाली ठेवली नाही. मुर्तिजापूर येईतो डब्यात एकच विषय होता. खादीची टोपी घातलेले एक गृहस्थ सांगत होते, “ह्यायले धरून आत टाकलं पाह्यजे. देशाची मान धरून राहिले.” समोरची एक म्हातारी म्हणत होती की तिचा जावई अकोल्याच्याही पुढे एका गावी आजारी आहे, आणि आज पोचली नाही तर मग कधी पोचणार. तिच्याकडे बघून मलाही भावाचा राग आला.

माय टोपलीवर हात ठेवून ऐकत होती. मग एकदम म्हणाली, “माया पोट्टा रेल्वेतच हाय.”

टोपीवाले गृहस्थ खिडकीबाहेर पाहू लागले. म्हातारी मात्र पुढे सरकली. “मंग सांग ना बाई, गाड्या बंद होतीन काय?”

“मले काय माईत? लहान होता तवाबी मले काई सांगे नाई,” माय म्हणाली, आणि टोपलीतलं एक फळ सोलून तिनं म्हातारीच्या हातावर ठेवलं. दुसरं सोलून टोपीवाल्यांनाही दिलं. त्यांनी घेतलं.

अकोल्याला भाऊ स्टेशनावर आला नव्हता. आम्ही विचारत विचारत चाळीत पोचलो, तर वैनी दारातच उभी. पोटावर हात, चेहरा उतरलेला. मायच्या पाया पडायला वाकू लागली तर मायनं तिला वरच्यावर धरलं. वैनी हळू आवाजात म्हणाली, “हे घरी नाई झोपत. पोलीस युनियनच्या मानसायले उचलून राहिले. हे पल्याड हुसेनभाईच्या खोलीत असतेत.” हुसेनभाई इंजिनावर कोळसा टाकायचे आणि त्यांचं कुटुंब त्या वेळी गावी गेलेलं होतं. अंधार पडल्यावर भाऊ मागच्या बाजूनं येऊन जेवून गेला. दाढी वाढलेली, डोळे लाल. बाबांचं नाव न घेता मायनं व्यापाऱ्याचं विचारलं. भाऊ हसला. त्याला काय ते कळलं असणार. म्हणाला, “एक हाय वळखीचा. सकाळी निरोप देतो, तो येईन तुले भेटाले. बाबाले सांग, माल सडू देत नाई मी.” आणि वैनीकडे पाहून म्हणाला, “उद्याची दुपारची गाडी धरा. परवापासून काई भरोसा नाई.”

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर फार थोड्या लोकांना सांगितलं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी वैनी नळावर गेली होती. मी चुलीपाशी ठेच्यासाठी मिरच्या भाजत होते, माय गाठोडं बांधत होती. दारात एक माणूस येऊन उभा राहिला. धोतर, कोट, काळी टोपी, हातात छत्री. अगदी आमच्या बागेत येतात तसा. “सदाशिवराव इथंच राहतात ना? जरा बोलायचं होतं,” तो म्हणाला. मायचा चेहरा उजळला. तिनं सतरंजी झटकून घातली, “या, बसा,” म्हणाली, आणि हात आपोआप टोपलीकडे गेला. तो माणूस अवघडला. “नाही, नाही, मी काही घेत नाही,” असं दोनदा म्हणाला.

“आमच्या घरचं हाय, विकतचं नाई,” माय म्हणाली आणि फोडी त्याच्या हातात ठेवल्या.

त्यानं एक फोड खाल्ली, मग दुसरी. गोड आहेत म्हणाला. झाडं किती जुनी, पाणी कसं, तेही विचारलं. मायनं हौसेनं सांगितलं. मीही ऐकत होते आणि मलाही काही वावगं वाटलं नाही. काल भावानं सांगितलेला व्यापारी आला, माल जाणार, बाबांचा जीव भांड्यात पडणार, एवढंच आमच्या दोघींच्या मनात. पोलीस म्हणजे खाकी कपडे आणि काठी, एवढीच आमची ओळख. नावगाव विचारायची पाळी फळानंतर येते, आणि फळ अजून त्याच्या हातात होतं. मायनं मागच्या दारात जाऊन पदर सावरला आणि विहिरीवरून रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशी तिची ती हाक मारली.

“सदा! ए सदा! पावना आला रे तुया!”

हुसेनभाईंचं दार उघडलं. भाऊ बाहेर आला, अंगात नुसता सदरा, आणि सरळ चालत आमच्या खोलीत आला. तो माणूस उठून उभा राहिला. पाण्याच्या टाकीमागून दोन शिपाई आले. धावपळ झाली नाही, आरडाओरडा झाला नाही. भाऊनं त्या माणसाकडे पाहिलं, मायकडे पाहिलं, आणि म्हणाला, “सदरा बदलू द्या.” त्या माणसाच्या हातात साल तशीच होती. ती कुठे टाकावी ते त्याला कळेना. शेवटी त्यानं ती कोटाच्या खिशात घातली. “माय, माफ करा,” तो मायला म्हणाला, “नोकरी आहे.” माय त्याच्याकडे नुसती बघत राहिली. तिला अजून उमगलंच नव्हतं. उमगलं तेव्हा ती शिपायाच्या आडवी गेली आणि ‘माया लेकराले सोडा, मीच हाक मारली, मले न्या,’ असं म्हणू लागली. ते शब्द मला आजही ऐकवत नाहीत. भाऊनं तिचे हात सोडवले. “तुया सुनेले घेऊन जाय, माय. दुपारची गाडी चुकवू नको.” एवढंच. चुलीवर तव्यातल्या मिरच्या जळून खोलीभर ठसका उठला आणि आम्ही सगळेच, ते शिपाईसुद्धा, खोकत बाहेर आलो.

वैनी नळावरून आली तेव्हा ते चाळीच्या टोकाशी पोचले होते. भरला हंडा तिनं सावकाश खाली ठेवला.

दुपारी आम्ही स्टेशनावर गेलो तर तिथं वेगळीच हवा. पुढाऱ्यांनी संप मागे घेतला होता. वर्तमानपत्रवाला पोरगा ओरडत सुटला होता, लोक एकमेकांना हाका मारून सांगत होते, चहावाल्यानं कुणाला तरी फुकट चहा पाजला. जो संप होणारच नव्हता, त्याच्यासाठी भाऊ त्या सकाळी पकडला गेला होता. गाडी वेळेवर आली. डब्यात बसायला जागासुद्धा मिळाली. कुणीतरी म्हणालं, “चार बदमाश आत टाकले तं कसे सुतासारखे सरळ आले.” मायनं मान वर केली नाही. मी त्या माणसाकडे पाहिलं आणि अकोल्याला येताना ज्या म्हाताऱ्या बाईसाठी मला भावाचा राग आला होता ती आठवली. ती जावयाकडे पोचली असेल, जावई बराही असेल. तसं व्हावं असंच मला वाटत होतं. पण त्या डब्यातली एवढी सुटका झालेली माणसं पाहून मला कुणाच्याही आनंदाची शिसारी आली, हेही तितकंच खरं.

बाबांना मायनं सगळं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. काही लपवलं नाही. ते विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडतं त्या दगडी कुंडाच्या काठावर, बसून ऐकत होते. मला वाटलं आता ते मायवर ओरडणार, नाहीतर भावावर. ते म्हणाले, “मी असतो तं मी बी तेच केलं असतं.” मग उठून करंड्या गाडीत भरायला लागले, कारण गाड्या चालू होत्या आणि व्यापाऱ्याचा माणूस येऊन बसला होता. त्या माणसाला फळ मी दिलं. माय घरातून बाहेर आली नाही.

वैनीला मुलगी झाली. बाळंतपणात मायनं तिचं काही करायचं ठेवलं नाही. शेक, डिंकाचे लाडू, बाळाचं न्हाणं, सगळं एकटीनं. वैनीही तिला कधी उलटून बोलली नाही. एकदाच, बाळाला पाजता पाजता, भिंतीकडे बघत ती म्हणाली, “तुमी हाक माराले नोयती पाह्यजे, आत्याबाई.” माय म्हणाली, “हो वं बाई.” आणि त्यानंतर कित्येक दिवस त्या दोघी एकमेकींशी फक्त बाळाबद्दल बोलत होत्या.

भाऊ पावसाळा सरता सरता सुटला. नोकरी गेली होती. पाठीवर वळकटी घेऊन मोर्शीच्या वाटेनं चालत आला. बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, वैनीनं लेक त्याच्या मांडीवर दिली. माय स्वयंपाकघरातून बाहेर येईना. शेवटी भाऊच आत गेला आणि चुलीपुढे तिच्याशेजारी पाट न घेताच बसला. मी दारात होते.

“माय,” तो म्हणाला, “मले मालूम होतं तो कोन हाय ते.”

मायनं वर पाहिलं.

“हुसेनभाईच्या खिडकीतून मी त्याले येतानीच पाह्यलं होतं. वळखलं बी होतं.”

“मंग आला काहून?” मायनं विचारलं.

“तू बलावलं ना. अन् आज नाई तं उद्या धरलंच असतं त्यायनं. मले घरून जाचं होतं, लपून नाई.”

मायनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि मग इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मोठ्यानं रडली. त्या संध्याकाळी ती पोटभर जेवली. पुढे वीस-पंचवीस वर्षं, मरेपर्यंत, ती ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची: माझ्या पोरानं पोलीस ओळखला होता, तरी माझी हाक मोडली नाही. सांगताना तिचा चेहरा अभिमानानं फुलायचा.

आम्ही अकोल्याला गेलो त्या संध्याकाळी वैनीनं भावासाठी पाण्याचा तांब्या माझ्या हाती हुसेनभाईंच्या खोलीत पाठवला होता. एका माणसाला पाय लांब करता येतील एवढी ती खोली. तिला खिडकी नव्हती. मी हे मायला कधी सांगितलं नाही, आणि भाऊ गेला तोवर त्यालाही कधी विचारलं नाही.